धूर नकाशावर ठरतो

हवामान बदलाची चर्चा आपल्याकडे आता चांगलीच प्रतिष्ठित झाली आहे. महापालिकांचे कृती आराखडे प्रसिद्ध होतात, वातानुकूलित सभागृहांत परिषदा भरतात, शाळकरी मुलांकडून रोपे लावून घेतली जातात आणि त्यांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत झळकतात. यात वाईट असे काही नाही. परंतु ज्या दिवशी ही रोपे लावली जातात, त्याच दिवशी शासनाच्या दुसऱ्या एखाद्या खात्यात, रेल्वे स्थानकापासून आठ-दहा किलोमीटर दूर असलेल्या शेतजमिनीचे निवासी क्षेत्रात रूपांतर करणाऱ्या कागदावर स्वाक्षरी होत असते. तेथे राहावयास येणारी माणसे पुढची पन्नास वर्षे रोज किती इंधन जाळणार, हे त्या एका स्वाक्षरीने ठरून जाते. नंतर कितीही रोपे लावली तरी तो हिशेब फिटत नाही. मोटारीच्या नळकांड्यातून बाहेर पडणारा धूर आपल्याला दिसतो. तो किती पडावा हे ज्या टेबलावर ठरते, त्या टेबलाकडे मात्र कोणी पाहत नाही.

आकडेच मांडू. डोंबिवलीचे उदाहरण घेऊ, कारण या पानांच्या वाचकांपैकी पुष्कळांचे ते गाव आहे. डोंबिवलीत राहून वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी करणारा एक गृहस्थ लोकलच्या गर्दीला कंटाळून स्वतःच्या मोटारीने जाऊ लागला, असे धरू. रस्त्याने एका बाजूचे अंतर सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे दिवसाला ८०. मोटार लिटरला पंधरा किलोमीटर जात असेल, तर रोज सव्वापाच लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे दिवसाला बारा किलो आणि कामाचे २५० दिवस धरले तर वर्षाला तीन टन! कारखाने, वीज, वाहतूक असे सारे धरून सरासरी भारतीय माणसाच्या वाट्याला येणारे कर्बवायूचे वार्षिक उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे. हा सज्जन गृहस्थ मात्र केवळ कचेरीत जाण्यायेण्यात त्याच्या दीडपट धूर सोडतो.

या गृहस्थाला दोष देणे सोपे आहे आणि परिषदांतून तो दिलाही जातो. त्याने सार्वजनिक वाहतूक वापरावी, असा उपदेश त्याला केला जातो. ती वाहतूक कशी आहे? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलच्या दारांत लटकलेली माणसे रुळांवर पडून मृत्युमुखी पडली. ठाणे ते दिवा या पट्ट्यातील पाचवी व सहावी मार्गिका २००८ साली मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. मधल्या चौदा वर्षांत त्याच पट्ट्याच्या पलीकडे शिळफाट्यापासून बदलापूरपर्यंत किती इमारतींना परवानग्या मिळाल्या असतील, याचा अंदाज वाचकांनी खिडकीतून बाहेर पाहून करावा. इमारती बांधावयास परवानगी देणारा अधिकारी आणि रूळ टाकणारा अधिकारी या चौदा वर्षांत एका खोलीत बसले होते काय? घरे आधी आली, रूळ मागाहून आले आणि मधल्या काळात ज्यांना परवडले त्यांनी मोटारी घेतल्या. यात त्या गृहस्थाचा अपराध कोणता?

विजेच्या मोटारींचा भ्रम

येथे एक युक्तिवाद हमखास केला जातो. मोटारी विजेवर चालू लागल्या की प्रश्न सुटला, असे आता मंत्र्यांपासून मोटारविक्रेत्यांपर्यंत सारे एका सुरात सांगतात. वर सांगितलेल्या गृहस्थानेच विजेची मोटार घेतली असे समजू. ८० किलोमीटरसाठी साधारण बारा युनिट वीज लागेल. आपल्या देशात एक युनिट विजेमागे आजही सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू पडतो, कारण वीज मुख्यतः कोळशाची आहे. बारा युनिटांचे साडेआठ किलो झाले. पेट्रोलवर बारा किलो, विजेवर साडेआठ! सौरऊर्जा वाढेल तसा हा आकडा उतरत जाईल, हे मान्य. पण विजेची मोटार रस्त्यावर पेट्रोलच्या मोटारीइतकीच जागा अडवते, तिलाही तितकाच रुंद रस्ता, तितकाच पूल आणि तितकीच वाहनतळाची जागा लागते. त्या जागेने घरे आणखी दूर ढकलली जातात. अंतर जोवर तेवढेच आहे, तोवर इंधन बदलून मिळणारा लाभ अर्धामुर्धाच राहणार. हेच अंतर लोकलने कापणाऱ्या माणसाच्या वाट्याला येणारे उत्सर्जन याच्या अल्पांशाने असते. आणि घरापासून दोन किलोमीटरवर काम असेल तर चालत जाणाऱ्याचे काय पडते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा खरा प्रश्न अंतराचा आहे. घर आणि काम यांतील अंतर ठरवतो कोण? भूवापराचा आराखडा. ते अंतर कशाने कापले जाणार हे ठरवतो कोण? वाहतुकीचा आराखडा. हे दोन आराखडे वेगवेगळ्या कचेऱ्यांत, वेगवेगळ्या वर्षी, परस्परांना न विचारता तयार होतात, हे आपल्या महानगरांचे मूळ दुखणे आहे.

खुर्ची हलली नाही

हे कोणाला सुचलेच नव्हते, असे म्हणता येणार नाही. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडले की मुंबई उत्तरेकडे लांबत ठेवण्यापेक्षा खाडीपलीकडे पूर्वेला नवे शहर उभारावे. त्यातला गाभ्याचा मुद्दा घरांचा नव्हता, कामाचा होता. दक्षिण टोकाला एकवटलेली कामे पलीकडे न्या, माणसे आपोआप जातील, असा तो विचार. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. राज्य शासनाने आपल्या कचेऱ्या तिकडे न्याव्यात, ही त्या योजनेची किल्ली होती.

पुढे घडले ते असे. घाऊक बाजार मशीद बंदर, भायखळ्याहून वाशीला नेण्यात आला. व्यापाऱ्यांचा कांदा-बटाटा हलला. सचिवांची खुर्ची मात्र हलली नाही. मंत्रालय होते तेथेच राहिले आणि त्याच दशकात शासनाने नरिमन पॉइंट येथे भरावावर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहू दिले. एका हाताने कामे पूर्वेला नेण्याची घोषणा करावयाची आणि दुसऱ्या हाताने ती दक्षिणेला ओढावयाची, असा हा प्रकार. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये खुला झाला, रेल्वे मात्र मानखुर्दहून वाशीला पोहोचली ती मे १९९२ मध्ये. एकोणीस वर्षे नवी मुंबई केवळ रस्त्याच्या भरवशावर होती! ती रेल्वे आली तीसुद्धा सिडकोने सुमारे दोन-तृतीयांश खर्च उचलला म्हणून. जमिनीच्या विक्रीतून आलेला पैसा रुळांत घालावयाचा, स्थानकाच्या डोक्यावरच कचेऱ्या उभारावयाच्या, हा प्रयोग आपल्याच राज्यात, आपल्याच अभियंत्यांनी यशस्वी करून दाखविला आहे. वाशी आणि बेलापूरची स्थानके आजही त्याची साक्ष देतात. भूवापर आणि वाहतूक जोडणे म्हणजे काय, हे शिकण्यासाठी कोणाला परदेश दौऱ्यावर जाण्याचे कारण नाही. पनवेलच्या लोकलचे तिकीट पुरे आहे.

वांद्रे-कुर्ला संकुलाची कथा याहून वेगळी नाही. १९७७ मध्ये तेथील नियोजनाचा अधिकार महानगर प्राधिकरणाकडे आला. दक्षिण मुंबईवरचा भार हलका करावयाचा, हा हेतू उत्तमच होता. बँका आल्या, शेअर बाजार आला, हिरेबाजार आला. संकुलाच्या आत रुळांवर चालणारे पहिले वाहन कधी आले? ऑक्टोबर २०२४ मध्ये, भूमिगत मेट्रोच्या रूपाने. सत्तेचाळीस वर्षे लक्षावधी माणसे वांद्रे आणि कुर्ला स्थानकांबाहेर रिक्षांच्या रांगांत उभी राहिली, आणि ज्यांना उभे राहावयाचे नव्हते त्यांनी संकुलातले रुंद रस्ते मोटारींनी भरून टाकले.

गिरणगावात तर या विसंगतीची किंमत प्राणांनी मोजावी लागली. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक-तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी ठरली होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा बदल टिकला. गिरणी कामगार चाळीतून चालत कामावर जात असे. हरितगृह वायूंच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या प्रवासाचे उत्सर्जन शून्य होते. त्याच जमिनीवर काचेचे मनोरे उभे राहिले आणि तेथे काम करणारी माणसे विरार, कल्याण, पनवेलहून येऊ लागली. जमिनीचा वापर पूर्णपणे बदलला. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पादचारी पूल मात्र तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी त्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. नवा पूल बांधण्यास अखेर सैन्याला पाचारण करावे लागले आणि सैन्याने तो काही महिन्यांत उभा केला. सैन्याचे अभिनंदन करताना आपण एक प्रश्न विचारावयास विसरलो. मनोऱ्यांना परवानगी देताना, येथे रोज किती माणसे उतरणार, असे परवानगीच्या कागदावर कोणी लिहिले होते काय?

पुन्हा तेच

हे सारे उगाळण्याचे कारण, तीच चूक तिसऱ्यांदा होण्याच्या बेतात आहे. शिवडी ते न्हावा-शेवा हा जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही कामगिरी अभिमानास्पद आहे, याविषयी दुमत नाही. पण या सेतूवर रूळ नाहीत. दुचाकीला आणि रिक्षाला प्रवेश नाही. काही बस धावतात. बाकी तो मोटारींचा सेतू आहे. पुढे मार्च २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी महानगर प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमण्यात आले. बृहन्मुंबईच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रफळाची ही ‘तिसरी मुंबई’ या सेतूच्या भरवशावर उभी राहावयाची आहे. नेरुळ-बेलापूर ते उरण ही रेल्वे जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाली, ही जमेची बाजू. परंतु समुद्र ओलांडून मुंबईत येण्यासाठी तेथील माणसाला वाशीचा वळसा तरी घ्यावा लागेल किंवा मोटार तरी. १९७३ मध्ये पूल आला, रूळ १९९२ मध्ये आले. २०२४ मध्ये पूल आला आहे, रूळ कधी?

याच काळातील आणखी दोन निर्णय शेजारी ठेवून पाहावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. एके काळी चार हजारांच्या वर गेलेला बेस्टचा ताफा त्या वर्षी तीन हजारांच्या खाली आला होता. मोटारीतून येणाऱ्याला सवलत, बसमधून जाणाऱ्याला दुप्पट दाम! शासन कोणत्या पक्षाचे, हा प्रश्न येथे गौण आहे. आपल्या मताचे शासन असले म्हणजे हिशेब विचारू नये, असे आपल्याला कोणी शिकविलेले नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे, अनुकरणासाठी नव्हे, सावध होण्यासाठी. मोटारींची ही पंढरी. तेथेही अखेर २००८ साली एक कायदा करावा लागला. प्रत्येक महानगर प्रदेशाने आपल्या भूवापराचा आणि वाहतुकीचा एकत्रित आराखडा करावयाचा आणि त्यामुळे मोटारींचे दरडोई उत्सर्जन किती उतरेल, ते ठरवून दिलेल्या उद्दिष्टाशी ताडून दाखवावयाचे, असा तो कायदा. कल्पना निर्दोष होती. पण जमिनीचा अंतिम अधिकार नगरपालिकांकडेच राहिला आणि त्यांनी प्रादेशिक आराखड्याप्रमाणे वागलेच पाहिजे, असे बंधन कायद्याने घातले नाही. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्या राज्याच्याच हवा मंडळाने अहवाल दिला की राज्य उद्दिष्टाच्या मार्गावर नाही आणि दरडोई मोटारप्रवास घटण्याऐवजी वाढतो आहे. उद्दिष्ट एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे असला की काय होते, याचा हा धडा.

आपल्याकडे तर उद्दिष्टही नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात आराखडा मंजूर करताना उत्सर्जनाचा हिशेब मांडण्याचे बंधन नाही. २००६ चे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण भूवापर आणि वाहतूक एकत्र आणा, असे सांगते. धोरण म्हणजे कायदा नव्हे. ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समिती नेमण्यास सांगितले, महाराष्ट्राने १९९९ मध्ये तसा कायदाही केला. मुंबई प्रदेशासाठी अशी समिती असते, हे किती वाचकांनी ऐकले असेल? प्रत्यक्षात या प्रदेशात नऊ महापालिका आहेत, लोकल दिल्लीच्या ताब्यात, बेस्ट महापालिकेकडे, मेट्रो वेगवेगळ्या संस्थांकडे, खाडीपलीकडची जमीन सिडकोकडे, मोठे रस्ते आणखी एका महामंडळाकडे. प्रत्येकाजवळ आपापला नकाशा आहे.

आपण कशासाठी सोसावे?

येथे काही वाचकांच्या मनात एक आक्षेप आला असेल, आणि तो रास्त आहे. दीडशे वर्षे धूर पश्चिमेने सोडला, संपत्ती त्यांनी केली. आज दरडोई दोन टनांवर असलेल्या भारताने काटकसर का करावी? आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर भारताने हाच प्रश्न विचारला पाहिजे आणि तो विचारतोही. परंतु हा आक्षेप घेणाऱ्यांनी एवढे पाहावे की, शहराबाहेर दूर वसाहत, प्रत्येक घराला मोटार, आठ पदरी रस्ता आणि आठवड्याच्या खरेदीला मॉल, हा नमुना मूळचा कोणाचा आहे? तो पश्चिमेचाच, आणि तोही त्यांचा फसलेला नमुना. तो नाकारणे म्हणजे पश्चिमेपुढे झुकणे कसे? आपले जुने गाव, पेठ, वाडा, चाळ यांत राहणे, काम, बाजार आणि देऊळ चालण्याच्या अंतरावर असे. दारिद्र्य होते, अस्वच्छता होती, ती परत आणावी असे कोणी म्हणत नाही. पण ते अंतर हा दोष नव्हता. शिवाय जे पेट्रोल या रस्त्यांवर जळते, त्याच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण आयात करतो. स्वावलंबनाचा विचार करणाऱ्यांनी याचा विचार प्रथम करावयास हवा.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. सदनिका घेताना आपण स्थानकाचे अंतर विचारण्यापूर्वी वाहनतळ विचारतो. २००८ पासून मुंबईत सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या विकासकाला अतिरिक्त चटईक्षेत्र देण्याचे धोरण आले, म्हणजे मोटार ठेवण्याच्या जागेच्या मोबदल्यात आणखी मजले आणि त्या मजल्यांवर आणखी मोटारी! त्या विरोधात मध्यमवर्गातून चकार शब्द निघाला नाही, कारण सोय आपली होती. स्थानकालगत उंच इमारती होणार म्हटले की मात्र हरकतींचा पाऊस पडतो. वस्ती दाट होऊ द्यावयाची नसेल तर ती लांब जाणार, आणि लांब गेली की धूर येणार. दोन्ही नकोत, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही.

पैसा नाही, ही सबबही चालणार नाही. एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर येथे घर घेणारा प्रत्येक माणूस मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार भरतो, त्याच्या दाराशी मेट्रो असो वा नसो. जमिनीतून वाहतुकीसाठी पैसा उभारण्याचे तत्त्व शासनाने स्वीकारलेलेच आहे. तो पैसा ज्या जमिनीतून आला, तिच्याच वाहतुकीवर आणि वस्ती होण्याआधी खर्च व्हावा, एवढेच बंधन घालावयाचे आहे. सिडकोने ते तीस-पस्तीस वर्षांपूर्वी केले.

तिसऱ्या मुंबईचा भूवापर ठरताना हरकती आणि सूचनांची संधी कायद्याने द्यावीच लागते. उरण, पनवेल, पेण भागातील कार्यकर्त्यांनी १२४ गावांची यादी मिळवून गावोगाव बैठका घ्याव्यात, आणि डोंबिवली-ठाण्याच्या मंडळींनीही हे आपले काम मानावे, कारण उद्या त्यांचीच मुले तेथे घर घेणार आहेत. हरकतीच्या पत्रात लांबलचक तत्त्वज्ञान नको. या विभागात किती घरे आणि किती नोकऱ्या धरल्या आहेत. येथला माणूस रोज सरासरी किती किलोमीटर जाणार आणि कशाने. त्याचे वार्षिक उत्सर्जन किती, हे आराखड्यासोबत छापावे, अशी मागणी लिहावी. आणि स्थानकापासून चालण्याच्या अंतरापलीकडच्या कोणत्याही वसाहतीला, बस किंवा रेल्वे प्रत्यक्ष धावू लागेपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, असे त्याच पत्रात स्पष्ट शब्दांत नोंदवून त्याची पोच घ्यावी.